स्कॉटलंडमध्ये खेड्यातल्या मतदारसंघात राहायला आलोय. खासदारकीला उभ्या असलेल्यांपैकी कोणाला मत द्यायचं हे कसं ठरवायचं? आम्ही वर्क व्हिसावर, गावात मराठी आम्ही दोघंच, आमच्या दोन मतांनी काय फरक पडणार?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि गॅस बंद करून लिहायला बसले. कारण "आपल्या दोन मतांनी काय फरक पडणार" हे वाक्य अगदी ह्याच शब्दांत माझ्या नवऱ्याने ८ जून २०१७ च्या रात्री आमच्या किचनमध्ये उभं राहून म्हटलं होतं, आणि तेव्हा आम्ही राहत होतो तो मतदारसंघ होता नॉर्थ ईस्ट फाइफ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी त्या रात्रीचा निकाल सांगते. एसएनपीचे (स्कॉटिश नॅशनल पार्टी) स्टीफन गेदिन्स १३,७४३. लिबरल डेमोक्रॅट्सच्या एलिझाबेथ रिचेस १३,७४१. फरक दोन मतांचा. पुन्हा पुन्हा मोजणी झाली तरी दोनच. पूर्ण ब्रिटनमध्ये त्या निवडणुकीतली सगळ्यात कमी आघाडी. आणि आम्ही दोघं, मतदार यादीत नाव असलेले, मतदान केंद्रापासून चालत सात मिनिटांवर राहणारे, घरात बसून आमटी-भात जेवत होतो.

आता पूर्ण सांगते, लांबलं तर लांबू दे.

नवरा युनिव्हर्सिटीत कामाला होता म्हणून आम्ही सेंट अँड्र्यूजच्या बाजूला आलो, पण तिथली घरभाडी बघून खाली समुद्रकाठच्या एका गावात घर घेतलं. तो सगळा पट्टा ईस्ट न्यूक म्हणतात, क्रेल, अँस्ट्रदर, पिटनवीम अशी मासेमारीची छोटी छोटी बंदरं आणि मागे बटाट्याची नि बार्लीची शेतं. मी केअर होममध्ये लागले. मतदार नोंदणीचा फॉर्म घरी आला होता तो मीच भरला, दोघांचीही नावं घातली, कारण भारतीय नागरिक इथे कॉमनवेल्थवाले म्हणून धरतात आणि वैध व्हिसा असेल तर खासदारकीच्या निवडणुकीत मत देता येतं. हे मला ऑफिसातल्या बाईने सांगितलं तेव्हा माझा विश्वासच बसला नव्हता. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला असू दे, आपण पाहुणे आहोत, पाहुण्याने यजमानाच्या घरच्या भांडणात पडू नये. सासऱ्यांची सगळी नोकरी सरकारी, त्यामुळे राजकारण म्हटलं की दार लावून घ्यायचं हे त्याच्या घरातलं वळणच आहे.

मतदानाच्या आधी गावच्या हॉलमध्ये उमेदवारांची सभा होती. इथे हस्टिंग्ज म्हणतात. आपल्याकडच्या सभेसारखं काही नाही, एका लांब टेबलामागे सगळे पक्ष ओळीने बसतात आणि गावातली माणसं प्रश्न विचारतात. मी एकटीच गेले. पन्नासेक माणसं, लाकडी घडीच्या खुर्च्या, मागे मोठ्या किटलीत चहा. एका कोळ्याने ब्रेक्झिटनंतर मासे पकडायच्या हक्काचं विचारलं, एका म्हातारीने बँकेची शाखा बंद झाली त्याचं, कोणीतरी स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावरच्या दुसऱ्या सार्वमताचं काढलं आणि मग हॉल तापला. मी काही बोलले नाही पण घरी येताना माझं ठरलं होतं कोणाला द्यायचं ते. कोणाला, ते इथे लिहीत नाही.

मतदानाच्या दिवशी माझी लाँग ड्यूटी. आठ वाजता घरी आले, पाय भरून आलेले, कुकर लावला. नऊच्या सुमारास दार वाजलं. एका पक्षाचा कार्यकर्ता, सत्तरीच्या पुढचा, भिजलेला अनोरॅक (टोपीचं जाकीट), छातीवर पक्षाचं फुल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली यादी आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. आठवडाभरापूर्वी तो एकदा येऊन गेला होता. म्हणाला, अजून एक तास आहे, दहापर्यंत उघडं असतं, हवं तर मी सोबत चालतो. बाहेर लख्ख उजेड होता, जूनमध्ये तिथे दहापर्यंत उजेड असतो. मी चप्पल घालायला वळले आणि मागून नवरा मराठीत म्हणाला, आता कुठे जातेस, दमलीयस, जेवायचं थांबलंय, आपल्या दोन मतांनी काय फरक पडणार. आणि मी थांबले. त्या माणसाला म्हटलं सॉरी. त्याने यादीवर आमच्या नावापुढे काहीतरी खूण केली, गुड नाइट म्हणाला आणि शेजारच्या दारावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केअर होमच्या टीव्हीवर निकाल. माझ्यासोबत एक पोलिश मुलगी कामाला होती, दहा वर्षं तिथे राहिलेली, टॅक्स भरणारी, पोरगी तिथल्याच शाळेत. युरोपियन युनियनच्या लोकांना खासदारकीला मत नसतं. आयर्लंड, सायप्रस, माल्टा सोडून. म्हणजे तिला नाही आणि दोन-तीन वर्षांपूर्वी आलेल्या मला आहे. तिने विचारलं, तू कोणाला दिलंस? मी म्हटलं गेले नाही. ती ट्रॉलीवरचे कप लावत होती, ते लावायचं थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझ्याकडे होतं." एवढंच. परत कप लावायला लागली. आठ वर्षं होऊन गेली, तिचा तो चेहरा मला अजून दिसतो.

नवऱ्याचं अजूनही म्हणणं आहे की त्याने दिलं असतं तर दुसऱ्याच पक्षाला दिलं असतं, म्हणजे आमची दोन मतं एकमेकांना कापून हिशेब तोच राहिला असता. ह्यावर आमचं दर निवडणुकीला वाजतं. अरे पण तू सभेला आला नाहीस, एक पत्रक वाचलं नाहीस, मग कोणाला दिलं असतंस हे तुला आज कसं माहीत? आणि समजा दोघांनी हरलेल्या बाजूला दिलं असतं तर १३,७४३ ला १३,७४३ झाले असते आणि इथल्या कायद्याप्रमाणे चिठ्ठी टाकून निकाल लागला असता. हे काही गोष्टीतलं नाही, त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या २२० नंबर वॉर्डात समान मतं पडून चिठ्ठी काढली होती, ते त्याने स्वतः मला व्हॉट्सअपवर पाठवलं होतं! २०२४ ला वायव्य मुंबईत लोकसभेला रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. तेव्हा जेवताना मी फक्त आकडा वाचून दाखवला, तो उठून पाणी आणायला गेला.

आणि पाहुणे म्हणाल तर कुठला पाहुणा पगारातून टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे इथला सामाजिक विमा, भरतो, आणि वर व्हिसाच्या वेळी सरकारी दवाखान्यांसाठीचा हेल्थ सरचार्ज वेगळा? २०१५ ला तो सुरू झाला तेव्हा माणशी वर्षाला २०० पौंड होता, २०२४ पासून १,०३५ आहे. ते कोणी ठरवलं? वेस्टमिन्स्टरने, म्हणजे लंडनच्या संसदेने. तिथे आपल्या भागातून कोण बसणार ह्यात मत द्यायचं नाही म्हणजे मला हे पटतच नाही. जे मराठी लोक इथे राहून "आपल्याला काय करायचंय" म्हणतात त्यांना मी तोंडावर सांगते की चूक करताय.

बरं, उमेदवार कसा निवडायचा. एकच गोष्ट मी बघते. स्कॉटलंडमध्ये दवाखाने, शाळा, पोलीस, बेटांच्या फेरी बोटी हे सगळं एडिनबराच्या संसदेकडे आहे, होलीरूडकडे. इमिग्रेशन, संरक्षण, परराष्ट्र, बराचसा टॅक्स, टेलिकॉम हे लंडनकडे. गावच्या सभेत लोक खासदारकीच्या उमेदवाराला डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही हेच विचारतात. तेव्हा जो सरळ सांगतो की हे माझ्या हातात नसेल पण अमुक एवढं मी करू शकतो, त्याच्याकडे मी लक्ष देते. जो सगळंच करतो म्हणतो त्याला नाही. पत्रकं घरी येतील, प्रत्येक उमेदवाराला एक टपाल फुकट पाठवता येतं, त्यात "इथे लढत फक्त आमच्यात नि त्यांच्यात" म्हणून उभ्या काठ्यांचा आलेख असेल तर काठ्यांची उंची खालच्या आकड्यांशी जुळवून बघा, नाहीतर मागच्या वेळचा निकाल स्वतः शोधा. २०१७ ला आमच्याकडे तिसऱ्या नंबरच्या टोरींना, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला, १०,०८८ मतं होती, म्हणजे तिसरा पण काही उगाच नव्हता. पक्षांबद्दल मी सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

मतदारसंघ तुमचा कुठला ते तुम्ही लिहिलं नाहीये. हायलँड्सकडचे, म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ भागातले, मतदारसंघ अफाट मोठे, तिथे सभा तुमच्या गावात होईलच असं नाही. आणि हो, सगळीकडे दोन मतांचा फरक असतो असं मी म्हणत नाहीये, त्याच नॉर्थ ईस्ट फाइफमध्ये २०१९ ला लिबरल डेमोक्रॅट्सच्या वेंडी चेंबरलेन १,३१६ मतांनी निवडून आल्या आणि २०२४ ला १३ हजारांच्या वर. पण हे मतमोजणीनंतर कळतं, आधी कोणाला कळतं?

२०१९ ला १२ डिसेंबरला मतदान होतं, चार वाजताच काळोख. मी ड्यूटीवरून परस्पर हॉलवर गेले. पेन्सिलने फुली मारली, आपल्यासारखं मशीन नाही, कागदच असतो. बाहेर आले तर दारात तोच म्हातारा, तोच अनोरॅक. त्याने मला ओळखलं की नाही माहीत नाही, थंडी फार आहे एवढंच म्हणाला. नवरा त्यादिवशी साडेनऊला जाऊन आला, मला न सांगता. कोणाला दिलं ते मी विचारलं नाही.

तुम्ही दोघांनी नावनोंदणी मतदानाच्या बारा कामकाजाच्या दिवसांआधी ऑनलाइन करा, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. मत दिल्याने व्हिसावर किंवा भारतीय नागरिकत्वावर काही परिणाम होत नाही, ही भीती घालणारे पण भेटतील. आणि २०२३ पासून फोटोचं ओळखपत्र लागतं, आपला भारतीय पासपोर्ट चालतो. तो आदल्या रात्रीच कपाटातून काढून दाराजवळच्या पिशवीत ठेवा, म्हणजे दमून आलात तरी शोधत बसायला नको.