जेरुसलेम आर्टिचोक कोपऱ्यात लावून विसरून जायचं का?

प्रश्न: इंग्लंडमध्ये लीड्सला अर्धा अलॉटमेंट (भाजी लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) मिळाला आहे. शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांनी जेरुसलेम आर्टिचोकचे (सूर्यफुलाच्या कुळातलं, कंद खायचं पीक) पिशवीभर कंद दिले आणि म्हणाले, कोपऱ्यात लाव आणि विसरून जा. कुठे लावू, किती लावू? बटाट्यासारखी भाजी होते का? गॅस होतो म्हणतात, ते खरं का?

उत्तर: लावा, पण विसरू नका. ‘लाव आणि विसर’ म्हणणारा माणूस प्रत्येक अलॉटमेंटवर भेटतो आणि त्याचे कोंब शेजाऱ्याच्या गाजरांत निघतात. मग लोक पिकाला तण म्हणून शिव्या घालतात. पीक चांगलं आहे. हयगय माणसाची असते.

जागा प्लॉटच्या उत्तर कडेला द्या. रोप अडीच-तीन मीटर वाढतं. दक्षिणेला लावलं तर तुमच्याच बाकीच्या भाज्या सावलीत जातील. उत्तरेला लागून दुसऱ्याचा वाफा असेल तर मात्र हीच सावली त्याच्यावर पडणार, तेव्हा पलीकडे रस्ता, शेड किंवा कुंपण असेल तीच कड निवडा. चारी बाजूंनी कापलेल्या गवताची वाट ठेवता आली तर उत्तम, म्हणजे बाहेर निघालेला कोंब लॉनमोअरखाली जातो.

पाच-सहा रोपं पुरे. एका रोपाला दीड-दोन किलो सहज निघतात आणि घरात एवढं खाल्लं जात नाही. आजोबांच्या पिशवीतले कंद आल्यासारखे गाठाळ असतील तर ते खाऊन टाका आणि लागवडीला ‘फ्युझो’ हा वाण विकत आणा. कंदापासून वाढणारं पीक आहे, गाठाळ वाणाला पुढच्या वर्षीही गाठाळच कंद येणार. फ्युझोचे कंद लांबट आणि गुळगुळीत असतात, माती चटकन निघते. वारा फार असेल तर ‘ड्वार्फ सनरे’ बघा, तो बुटका राहतो. लागवडीपर्यंत कंद शेडमध्ये उघडे ठेवू नका. साल पातळ असते, आठवड्यात सुरकुततात. ओलसर वाळूत पुरून ठेवा.

फेब्रुवारी ते एप्रिल, माती हातात भुसभुशीत लागली की लावायचे. अंड्याएवढा कंद अख्खा, मोठा असेल तर दोन-तीन डोळे राहतील असा कापून. खोली 10 ते 15 सेंमी, दोन रोपांत 30 सेंमी, दोन ओळींत 90 सेंमी. कंपोस्ट थोडं चालेल. कोंबडीखताचा मारा केला तर पाला रानभर आणि खाली शेंगदाण्याएवढे कंद. कोवळे कोंब स्लग (बिनशंखाच्या गोगलगाई) खातात, तेवढं पहिले काही आठवडे बघा.

रोप 30 सेंमी झालं की बुंध्याला 15 सेंमी मातीची भर द्या. उन्हाळ्याच्या मध्यावर शेंडे दीड-दोन मीटरवर छाटा, नाहीतर वाऱ्याने बुंधा हलतो आणि मुळं सुटतात. कळ्या खुडा. ऑगस्ट-सप्टेंबर कोरडे गेले तर पाणी द्या, कारण दिवस लहान होऊ लागले की कंद भरतात आणि नेमका तेव्हाच लोकांनी पाइप गुंडाळून ठेवलेला असतो.

त्यानंतरची घाई सगळ्यात नडते. ऑक्टोबरात बाग ‘नीट’ दिसावी म्हणून हिरवी ताटं (रोपांचे दांडे) कापतात. उन्हाळाभर केलेला साठा त्या ताटांत असतो आणि पानं वाळता वाळता तो खाली कंदात उतरतो. हिरवं कापलं की तो कंपोस्टात गेला. पानं पूर्ण तपकिरी होऊ द्या, मग 8-10 सेंमी खुंट ठेवून कापा. तीच ताटं वर आडवी पसरा, माती गोठत नाही आणि खणायचा दातेरी फोर्क आत जातो. खुंट हवाच, नाहीतर डिसेंबरात रोप कुठे होतं ते सापडत नाही.

आता काढणी, म्हणजे माझ्या वादाचा मूळ मुद्दा. नोव्हेंबर ते मार्च लागतील तसे काढायचे, पण एका वेळी एक अख्खं रोप. इथून दोन, तिथून तीन असं नाही. फोर्क खुंटापासून 40 सेंमी लांब घाला, चारी बाजूंनी सैल करा आणि गड्डा उचला. बरेचसे कंद बुंध्याला चिकटून येतात. मग खड्ड्याच्या भिंती बघा: मातीतून पेन्सिलीपेक्षा बारीक पांढरे धागे तुटलेले दिसतील. प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक कंद आहे. हाताने माग काढा. गड्डा झाला की फावड्याच्या पात्याएवढं खोल पुन्हा एकदा खणा आणि माती बोटांतून जाऊ द्या. अंगठ्याएवढा तुकडासुद्धा राहिला तर उगवतो.

एवढं करूनही काही राहतातच. त्यांना मे-जूनमध्ये गाठा. कोंब 30-40 सेंमी झाला की जुना कंद रिकामा झालेला असतो आणि नवा धरलेला नसतो. त्या दिवसांत बोटं खोल घालून मुळासकट उपटलेला कोंब सहसा परत येत नाही. आधी वरवर खुरपलंत तर पुन्हा फुटतो, उशीर केलात तर खाली नवी पिलावळ तयार. रोटाव्हेटर अजिबात नाही, तो एका कंदाचे दहा करतो. उरलेले कंद कंपोस्टातही टाकू नका.

बुंध्याला कापसासारखी पांढरी बुरशी आणि ताटाच्या आत उडदाएवढे काळे दाणे दिसले तर रोप मातीसकट काढून कचऱ्यात टाका. ते दाणे मातीत कित्येक वर्षं टिकतात आणि हीच बुरशी घेवडा, गाजर, लेट्यूसलाही धरते. त्या जागी पुढची काही वर्षं यातलं काही लावू नका.

भाजीचं. बटाट्यासारखी होत नाही, आणि हे मी माझ्या दिरांना सांगून थकले. बटाट्यात स्टार्च असतो, यात इन्युलिन नावाचं वेगळं कर्बोदक. कुकरला लावलं की पाणचट लगदा, आणि मग म्हणायचं ‘हे गुरांचं खाणं’. गुरांनाही घालतात, खरं आहे. जर्मन ताब्यातल्या फ्रान्समध्ये बटाटे सैन्याकडे जात तेव्हा लोकांनी हेच खाऊन दिवस काढले, आणि त्या पिढीने पुढे ताटात घेतलं नाही. पण जर्मनीत बाडेनकडे याचीच दारू गाळतात आणि आवडीने पितात. साल काढत बसू नका, ब्रशने घासा. 3-4 मिमीच्या चकत्या लिंबाच्या पाण्यात टाका म्हणजे काळ्या पडत नाहीत. मोहरी-हिंगाच्या फोडणीवर काचऱ्या करा, चिंचेचा कोळ सुरुवातीलाच घाला. आंबटात चकत्या मोडत नाहीत.

गॅस होतो. ओवा-हिंगाने जात नाही, कारण इन्युलिन न पचता मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथले जिवाणू ते आंबवतात. आंबटात पंधरा मिनिटं उकळून पाणी टाकलं तर त्रास कमी होतो. जानेवारीनंतर काढलेले कंदही बरे, थंडीने थोडं इन्युलिन साखरेत मोडलेलं असतं. पहिल्यांदा चार-पाच चकत्याच खा, आणि पाहुणे येणार त्या दिवशी तर मुळीच नको.

हो, आतड्याचा आयबीएससारखा त्रास असेल तर खाण्यासाठी लावूच नका. मधुमेहाला चालतं म्हणून जे सांगतात ते बटाट्याच्या तुलनेत ठीक आहे, पण थंडीत गोड झालेल्या कंदात फ्रुक्टोज असतो, तेव्हा औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून खा.