येशू इतका फिकट का?

प्रश्न : भाच्याने ॲम्स्टरडॅमहून लुकास फान लायडन (म्हणजे लायडन गावचा लुकास) या चित्रकाराच्या ‘एक्के होमो’ (‘हा पाहा माणूस’) या ताम्रचित्राची छापील प्रतिकृती आणली. चित्र येशूचं, पण येशू पार मागे, एवढासा आणि फिकट. पुढे नुसती गर्दी. मूळ पत्राच झिजलेला होता का? – एक वाचक, मिरज

उत्तर : पुढच्या लोकांच्या झग्यांच्या चुण्या बघा. त्याही करड्या, पुसट दिसत असतील तर पत्रा झिजलेला. त्या काळ्याभोर असतील आणि फक्त मागचा भाग फिका असेल, तर तो फिकेपणा लुकासने मुद्दाम ठेवलेला आहे.

तांब्याच्या पत्र्यावर ब्युरिनने, म्हणजे टोकदार पोलादी हत्याराने, रेघ खोदायची, खाचेत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. खाच खोल तर शाई जास्त, रेघ गडद. लांबच्या माणसांसाठी लुकास पत्रा जेमतेम ओरखडतो. माझ्या वर्गात मुलांना जोर लावून खोदणं लवकर जमतं. हलक्या हाताने सरळ रेघ ओढताना भलेभले घसरतात. व्हासारी या इटालियन लेखकाने आपल्या कलावंत-चरित्रांच्या 1568च्या आवृत्तीत लुकासच्या याच गुणाची तारीफ केली आहे. पण अशा उथळ खाचा लवकर बुजतात, म्हणून त्याच्या चांगल्या, सुरुवातीच्या छापा दुर्मीळ.

आता गर्दीचं. प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानातला आहे, अध्याय 19 : काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूला रोमन सुभेदार पिलात लोकांसमोर आणतो. लुकासने जेरुसलेमऐवजी आपल्याकडचा, नेदरलंड्सचा चौक काढला आणि आपल्याला बघ्यांच्या मागे उभं केलं. कोण ओरडतंय, कोण नुसतं बघतंय, हे आधी दिसतं. येशू शोधावा लागतो. मला तरी हे चित्र येशूपेक्षा त्या बघ्यांचं वाटतं. काम 1510चं. जुना चरित्रकार व्हान मांडरने दिलेलं जन्मवर्ष 1494 खरं धरलं, तर पोरगा सोळा वर्षांचा!

लायडनच्याच रेम्ब्रांट या चित्रकाराकडे लुकासची चित्रं होती. त्याने 1655मध्ये याच प्रसंगाचा पत्रा केला, त्यातही उंच चौथरा आणि खाली गर्दी. पुढे त्याच पत्र्यावरची चौथऱ्यासमोरची माणसं त्याने घासून काढली. दोन्ही चित्रं ॲम्स्टरडॅमच्या रायक्सम्युझियम या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठी करून पाहता येतात. भाच्याला शेजारी शेजारी लावून द्यायला सांगा.