२०-२५ जणांच्या ऑफिसात लिनक्स आणायचंय. उबंटू, मिंट की फेडोरा? आणि सर्व्हरवर काय टाकावं?

फेडोरा आधी बाद करा. एका आवृत्तीला जेमतेम १३ महिने अपडेट मिळतात, दरवर्षी सगळे पीसी नव्या आवृत्तीवर कोण नेत बसणार? उबंटू एलटीएस (लांब मुदतीचे अपडेट मिळणारी आवृत्ती) आणि मिंट यांतलं तुमच्या लोकांच्या डोळ्यांना बरं वाटेल ते टाका, त्यावर वाद घालू नका. वाद घालायचा तर सर्व्हरवरून घाला. माझा झालाय.

मी भोसरीत एका टूलरूमचं आयटी बघतो. म्हणजे सर्व्हर, वायफाय, सीसीटीव्ही आणि मालकांच्या मुलाचा लॅपटॉप. २०२० मध्ये नवा सर्व्हर घ्यायचं ठरलं. त्याला कामं दोनच: सांबावर (लिनक्सवरची फोल्डरं विंडोजला दाखवणारं सॉफ्टवेअर) ड्रॉइंग आणि मशीन चालवणाऱ्या एनसी प्रोग्रॅमची शेअर फोल्डरं, आणि रात्रीचा बॅकअप. मी म्हटलं, डेबियन लिनक्स. मालकांचे कन्सल्टंट म्हणाले, "डेबियन हौशी लोकांचं. कंपनीत सेंटओएस लिनक्स चालतं. आवृत्ती आठ टाका, २०२९ पर्यंत बघायला नको." मी म्हटलं, सेंटओएस २०१४ पासून रेड हॅट या लिनक्स विकणाऱ्या कंपनीच्या हातात आहे, रेड हॅट गेल्या वर्षी आयबीएमने घेतली. फुकट द्यायचा उद्या त्यांना कंटाळा आला तर? यावर ते नुसते हसले. मालकांनीही त्यांचंच ऐकलं; ते बिल लावतात, मी पगारावर.

दिवाळीनंतर सर्व्हर चालू झाला आणि त्याच दिवशी वायर-कटवरचे (तारेने धातू कापणारं मशीन) काका वर आले. "साहेब, फोल्डरच दिसंना." त्या मशीनचा कंट्रोलर विंडोज एक्सपीवर, त्याला फोल्डर शेअर करायचा जुना प्रोटोकॉल, एसएमबी-१, तेवढाच कळतो, आणि सांबाने ४.११ पासून ते मुळातच बंद ठेवलंय. कन्सल्टंटचा सल्ला काय, तर मशीन जुनं झालंय, बदला. वायर-कट बदला म्हणे! सांबाच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल' एनटी१ (म्हणजे एसएमबी-१) केलं, सांबा रीस्टार्ट केला, काका खाली जाऊन जॉब लावून मोकळे. (हे उघडं ठेवायचं नसतं. २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस याच वाटेने पसरला होता. ते मशीन तेव्हापासून वेगळ्या स्विचवर आहे, त्याला इंटरनेट नाही.)

त्यानंतर महिनाही झाला नाही. ८ डिसेंबरला घोषणा आली: सेंटओएस ८ चे अपडेट ३१ डिसेंबर २०२१ ला बंद. २०२९ चं थेट २०२१! कन्सल्टंट म्हणाले, "स्ट्रीम आहे की." स्ट्रीम म्हणजे रेड हॅटच्या पुढच्या आवृत्तीत जायचे बदल आधी आपल्या सर्व्हरवर येणार. आमच्या ड्रॉइंगवर कशाला? पुढच्या ऑगस्टमध्ये डेबियन ११ आलं, एका रविवारी ते चढवलं, आणि त्याबद्दल आजवर कोणी वर आलेलं नाही.

म्हणून सर्व्हरवर डेबियनच टाका. नंतरचे लांब मुदतीचे (एलटीएस) अपडेट धरून पाच वर्षं मिळतात आणि मुख्य म्हणजे ते कुठल्याही कंपनीच्या मालकीचं नाही. नुसत्या तारखेवर जाऊ नका, ती तारीख कोण बदलू शकतो ते बघा.

आता खरं सांगायचं तर तेव्हा निम्मं जग सेंटओएसच टाकत होतं, त्यामुळे कन्सल्टंट अगदीच वेड्यासारखं बोलत नव्हते. आज सेंटओएसच्या जागी आलेले अल्मा आणि रॉकी दोन्ही चांगले आहेत. आणि तुमचा ईआरपीवाला (कंपनीच्या कारभाराचं सॉफ्टवेअर देणारा) फक्त रेड हॅट किंवा सुसेवरच सपोर्ट देत असेल तर गुपचूप पैसे भरून तेच घ्या. डेबियन म्हटल्यावर त्याचा माणूस फोन ठेवून देईल.

अकाउंट्सचे पीसी विंडोजवरच राहू द्या. टॅली आहे, जीएसटीचं डिजिटल सहीचं टोकन आहे, उगाच कशाला. आणि ऑफिसात कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर असेल (असतोच), तर त्याचा ड्रायव्हर आधी एका पीसीवर आठवडाभर चालवून बघा, मगच मालकांना शब्द द्या.