नवीन असेंबल केलेला पीसी कधी चालू होतो, कधी होत नाही. आधी कोणता पार्ट बदलून बघू?

कोणताच नाही. निदान आत्ता तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, बंद करून दुसऱ्या-तिसऱ्यांदा बटण दाबलं की चालू होतो आणि मग दिवसभर काही तक्रार नसते. रायझन ७००० मालिकेचा प्रोसेसर आणि डीडीआर५ ची ६००० वेगाची रॅम आहे. ओळखीतला एकजण एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बदल म्हणतो, दुसरा रॅम. हे वाचून राहवलं नाही, कारण हाच सल्ला मी ऐकून घेतलाय.

माझ्या मशीनचे पार्ट मी स्वतः निवडले आणि स्वतःच जोडले. पहिल्या दिवशी सगळं व्यवस्थित झालं. नंतर सकाळी बटण दाबलं की कधीकधी नुसता काळा स्क्रीन. रीस्टार्टला कधीच नाही, फक्त रात्रभर बंद राहिल्यावर, आणि तेही रोज नाही. माझा मोठा चुलतभाऊ बरीच वर्षं पीसी असेंबल करतो, त्यामुळे या विषयात घरी त्याचाच शब्द चालतो. दादाने मशीन न बघताच सांगून टाकलं, "एसएमपीएस. नाहीतर तू काहीतरी नीट बसवलं नसशील."

दुसरं वाक्य मला फार लागलं. २४ पिनचा आणि प्रोसेसरचा ८ पिनचा, दोन्ही कनेक्टर मी काढून परत खटका बसेपर्यंत दाबले होते. मदरबोर्डमागे जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खुंट) राहिलेला नाही, हे बोर्ड उचलून पाहिलं होतं. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्येच होती.

एसएमपीएसचा संशय अगदी निराधार नव्हता, हे मान्य. व्होल्टेज स्थिर झाले की एसएमपीएस बोर्डाला ‘पॉवर गुड’ सिग्नल देतो, एटीएक्स या पीसीच्या पार्टांच्या मानकाप्रमाणे १०० ते ५०० मिलिसेकंदांत. तो सिग्नल लटपटला की मशीन पहिल्या झटक्यात अडू शकतं. दादाने त्याच्याकडचा एसएमपीएस आणून लावला आणि पुढचे काही दिवस मशीन एकदाही अडलं नाही. मग एका सकाळी परत काळा स्क्रीन. "मग रॅम असेल." रॅम बदलली, परत काही दिवस छान, आणि परत तेच.

दादाचं आणि माझं भांडण इथेच आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. अधूनमधून येणारा बिघाड पार्ट बदलल्यावर दिसेनासा झाला, एवढ्यावरून तो पार्ट खराब होता असं ठरत नाही. हिशोब करून बघा. सरासरी पाचातून एकदा अडणारं मशीन, काहीही न बदलता, सलग ५ वेळा नीट चालू होण्याची शक्यता ३३ टक्के असते. सलग १० वेळा, जवळपास ११ टक्के. ही शक्यता ५ टक्क्यांच्या खाली जायला सलग १४ वेळा नीट चालू व्हावं लागतं, आणि रात्रभर बंद ठेवल्यावरच अडत असेल तर १४ वेळा म्हणजे दोन आठवडे. दोन सकाळी चालू झालं की ‘झालं दुरुस्त’ म्हणणाऱ्याचा अनुभव कितीही मोठा असो, त्याने काही शोधलेलं नसतं. शेवटी जो पार्ट बदलला त्याच्यावर आळ येतो, आणि चांगला पार्ट खराब म्हणून परत पाठवला जातो.

म्हणून मी वही घातली. मशीन किती वेळ बंद होतं, एसएमपीएसमागचा स्विच बंद होता का, काय काय जोडलेलं होतं, अडल्यावर बोर्डावरचा कोणता लाइट तसाच राहिला (चालू होताना मशीन कुठल्या पार्टपाशी अडकलं ते हे बारीक लाइट दाखवतात). लाइट दर वेळी व्हीजीएचाच, म्हणजे ग्राफिक कार्डाचाच निघाला. आणि ज्या रात्री मॉनिटरही मेन स्विचवरून बंद केलेला होता, त्यानंतरच्या सकाळी मशीन एकदाही अडलेलं नव्हतं.

मग मी पीसी शटडाउन केला, एसएमपीएसची वायर काढली आणि उरलीसुरली वीज जावी म्हणून पॉवरचं बटण धरून ठेवलं. तरी ग्राफिक कार्डावरचा एक बारीक लाइट मंद जळतच होता. पीसीला वीज नाही, मग कार्डाला कुठून येतेय? डिस्प्लेपोर्टची केबल उपसली आणि लाइट विझला.

डिस्प्लेपोर्टच्या २० व्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात, कार्डाच्या बाजूनेही आणि मॉनिटरच्या बाजूनेही. अडॅप्टरसारख्या गोष्टींना वीज मिळावी म्हणून ती सोय आहे. साध्या केबलमध्ये ही पिन एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जोडलेली असताच कामा नये, डिस्प्लेपोर्टचं मानक ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेच्या मानकातच तसं आहे. तरीही काही केबलींत ती जोडलेली असते. मग स्टँडबायवरचा मॉनिटर बंद पीसीच्या कार्डात उलटी वीज सोडतो, कार्ड पूर्ण बंद होतच नाही आणि सकाळी ते धड रीसेट होत नाही.

केबल बदलली. त्यानंतर मुद्दाम माझा जुना एसएमपीएस आणि जुनी रॅम परत बसवली, आणि मशीन अडेनासं झालं. एवढ्यावर थांबले नाही. भरपूर दिवस नीट गेल्यावर ती वाईट केबल परत लावली, तर बिघाडही परत आला. बिघाड हवा तेव्हा परत आणता आला, की मगच तो सापडला म्हणायचं. दादा अजूनही म्हणतो की पार्ट बदलत गेलं की कधीतरी सापडतंच, वही लिहायला वेळ कुणाला आहे. त्याने बदललेले दोन्ही पार्ट निर्दोष होते, आणि ते आजही माझ्या मशीनमध्ये चालताहेत.

आता तुमचं. केबल काढून तो लाइट बघा, पण तुमच्याकडे कारण वेगळं असू शकतं. बोर्डावर डीरॅमचा, म्हणजे रॅमचा लाइट अडकत असेल तर आधी नुसतं थांबा. रायझन ७००० साठीच्या, २०२२ मध्ये आलेल्या एएम५ बोर्डांवर डीडीआर५ चं मेमरी ट्रेनिंग चालतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. पहिल्यांदा चालू करताना किंवा बायॉस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) रीसेट झाल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळा राहतो, आणि घाबरून मध्येच बटण दाबलं की ते पहिल्यापासून सुरू होतं. शिवाय तुमच्या प्रोसेसरचा अधिकृत वेग ५२०० आहे. ६००० म्हणजे एक्स्पो प्रोफाइल, म्हणजेच ओव्हरक्लॉक. ते बंद करून वर सांगितलेल्या हिशोबाने पुरेशा वेळा चालू करून बघा. बिघाड गेला तर रॅम खराब म्हणू नका. बायॉस अपडेट करा किंवा वेग थोडा कमी ठेवा. बायॉसमध्ये ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर’ (आधीचंच ट्रेनिंग परत वापरण्याची सोय) चालू असेल तर तेही एकदा बंद करून पाहा. चालू व्हायला जास्त वेळ लागेल, पण ट्रेनिंग दर वेळी नव्याने होईल.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदींमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसला म्हणून कुणी एसएमपीएसला दोष दिला तर ऐकू नका. मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं, एवढंच तो सांगतो. तुम्ही बटण धरून मशीन बंद केलंत तरी तोच येतो. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ मात्र बंद करा, नाहीतर शटडाउन केलेलं मशीन खऱ्या अर्थाने शटडाउन झालेलं नसतं आणि तुमच्या नोंदींना अर्थ उरत नाही.

वही लिहिताना पार्ट परत करायची मुदत मात्र उलटू देऊ नका. मुदत जवळ आली असेल तर विक्रेत्याला बिघाड आधीच लेखी कळवून ठेवा. जळका वास आला किंवा ठिणगी दिसली तर निरीक्षण वगैरे काही नाही, वायर काढा. एसएमपीएस स्वतः उघडू नका, आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही चार्ज धरून असतात.

आणि एसएमपीएस बदलायचाच झाला तर जुन्याच्या मॉड्युलर (काढता-घालता येणाऱ्या) केबली नव्याला लावू नका. मदरबोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक बदलते, कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिकसुद्धा. प्लग आरामात बसतो आणि हार्ड डिस्क जळते. दादाने माझ्याकडे एसएमपीएस बदलला तेव्हा केबलीही सगळ्या बदलल्या होत्या, तेवढं त्याचं बरोबर होतं.