अकरा वर्षांच्या मुलीला मलालाबद्दल वाचायला द्यावं का? गोळीबाराचा भाग तिला झेपेल का?

द्याच. फक्त गोळीपासून सुरुवात करू नका.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती झाली की त्या आठवड्यात वाचनाच्या तासाला मी मुलींना मलालाची डायरी वाचून दाखवते. पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातून बीबीसी उर्दूसाठी तिने ती ‘गुल मकई’ या टोपणनावाने लिहिली. पहिली नोंद ३ जानेवारी २००९ ची. तेव्हा ती अकराच वर्षांची होती, तुमच्या लेकीएवढी. १५ जानेवारीपासून मुलींच्या शाळा बंद, असं तालिबानचं फर्मान निघालेलं. वर्गातल्या २७ पैकी ११ मुली हजर. गणवेश नको म्हणून ती आवडता गुलाबी ड्रेस घालून जाते, तर परिपाठाला सांगतात, रंगीत कपडेही घालू नका. सुट्टी जाहीर होते, पण शाळा पुन्हा कधी उघडणार ते मुख्याध्यापिका सांगत नाहीत. मुली त्या दिवशी मैदानावर जरा जास्तच वेळ खेळतात.

एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, मग बाकीच्या सोळा जणी कुठं गेल्या?” तिघी घरच्यांबरोबर पेशावर, लाहोर, रावळपिंडीला गेल्या, एवढं डायरीत आहे, ते सांगितलं. तर शेजारची म्हणाली, “माझी ताई पण आठवीला गेलीच नाही. शाळा लांब आहे ना.” आमच्याकडे सातवीनंतर दुसऱ्या गावाला जावं लागतं. एसटीचा पास मुलींना फुकट आहे, पण शाळेच्या वेळेला गाडी नको का? मग तासभर त्याच विषयावर बोलणं झालं. एरवी तोंड न उघडणाऱ्या पोरीही बोलल्या.

यावर आमच्या एका सरांनी स्टाफरूममध्ये सुनावलं, “आपल्या सावित्रीबाई असताना पाकिस्तानातली पोर कशाला? आणि गोळी लागली म्हणून तर मोठी झाली ती.” हे वाक्य मी तेव्हापासून अनेकांच्या तोंडून ऐकलंय आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. गोळी लागली ९ ऑक्टोबर २०१२ ला. त्याआधीच, डिसेंबर २०११ मध्ये, पाकिस्तान सरकारने तिला राष्ट्रीय युवा शांतता पुरस्कार दिला होता. मुलींच्या शिक्षणासाठी ती बोलत होती म्हणून तालिबानने गोळी झाडली. हा क्रम ज्याला उलटा दिसतो, त्याने वाचलेलंच नाही. आणि शेणाचे गोळे झेलत शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाई ज्याला खरंच कळल्या, तो स्वातच्या मुलीला परकी कशी म्हणेल? तुमच्या घरी कुणी असं म्हणालं तर या दोन तारखा पुढे ठेवा.

गोळीबाराचं म्हणाल तर लपवू नका. मलालावर शाळेच्या व्हॅनमध्ये गोळी झाडली, तेव्हा तिच्या मैत्रिणी शाझिया आणि कायनात याही जखमी झाल्या होत्या, त्यांचीही नावं लेकीला सांगा. पुढे तिघीही शिकल्या, हेही सांगा.

हां, २०१३ चं मोठं आत्मचरित्र मात्र एवढ्यात देऊ नका. त्यात पाकिस्तानचं राजकारण, लष्कर बरंच आहे, अकराव्या वर्षी कंटाळा येईल. मुलांसाठी वेगळी आवृत्ती आहे, ती बघा. मुलगी फार घाबरट असेल तर शेजारी बसून वाचा.