प्रश्न तुमचे: तीस विमानांच्या कंपनीत वैमानिक व्हावे का?

प्रश्न: मुलगा 24 वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) झाले, उड्डाणाचे तास 215. आता तीसेक विमाने असलेल्या एका मध्यम कंपनीकडून सहवैमानिकाच्या जागेसाठी बोलावणे आले आहे. एअरबस ए320 चे टाइप रेटिंग (त्या प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता) स्वतःच्या खर्चाने करायचे, वर तीन वर्षांचा बाँड (तेवढी वर्षे नोकरी न सोडण्याचा करार). शिक्षणासाठी घर तारण ठेवून कर्ज काढले आहे. घरात दोन तट पडलेत: मोठ्या कंपनीची भरती निघेपर्यंत थांबा म्हणणारे आणि आलेली संधी सोडू नका म्हणणारे. पगाराचा आकडा चांगला सांगितला आहे. काय करावे?
(एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर: पगाराचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. तो सर्वांत आधी सांगितला जातो आणि सर्वांत आधी बदलतोही तोच. डाव्या खुर्चीत, म्हणजे कमांडवर, मुलाचा नंबर कधी लागेल आणि कंपनी बुडालीच तर त्याच्या हातात काय उरेल, हे आधी बघा.

कमांडचा हिशेब कागदावर मांडता येतो. ए320 सारख्या विमानामागे कंपनीला साधारण सहा सेट लागतात. एक सेट म्हणजे एक कॅप्टन आणि एक सहवैमानिक. तीस विमाने म्हणजे 180 कॅप्टन आणि तेवढेच सहवैमानिक. वर्षाला चार नवी विमाने खरोखर आली तर कॅप्टनच्या 24 जागा निर्माण होतात. निवृत्ती आणि नोकरी सोडणे धरून आणखी नऊ-दहा. म्हणजे वर्षाला 33-34 जणांना कमांड मिळेल आणि रांगेच्या शेपटाला असलेल्या मुलाला पाच-साडेपाच वर्षे लागतील. विमाने येणे थांबले, तर त्याच रांगेला अठरा-वीस वर्षे लागतात. रांगेतले काही जण मधेच दुसरीकडे जातात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे कमी भरतील, पण दोन्हींतला फरक तेवढाच मोठा राहतो. कॅप्टनसाठी लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या परवान्याची किमान 1500 तासांची अट मुलगा अडीच-तीन वर्षांत पार करील. खोळंबा तासांमुळे होत नाही, जागांमुळे होतो.

म्हणून मुलाखतीला गेल्यावर 'ऑर्डर किती विमानांची आहे' एवढेच विचारून गप्प बसू नका. ऑर्डर शंभराची असते आणि वर्षाला विमाने येतात तीन. गेल्या बारा महिन्यांत किती आली, किती परत गेली आणि इंजिनाअभावी किती जमिनीवर उभी आहेत, हे विचारा. गो फर्स्टने मे 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमुळे निम्मा ताफा उभा असल्याचे कारण दिले होते. वेट लीजवर, म्हणजे चालकांसह भाड्याने, आणलेली विमाने तर मोजूच नका. ती परदेशी वैमानिकांसकट येतात, त्यातून तुमच्या मुलाची रांग एका पावलानेही सरकत नाही.

कंपनी बुडाली तर काय, हा प्रश्न अशुभ वाटेल, पण आपल्याकडे तो विचारावाच लागतो. किंगफिशर 2012 मध्ये, जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये आणि गो फर्स्ट 2023 मध्ये बंद पडली. जेट आणि गो फर्स्ट शेवटी अवसायनात गेल्या, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याची वेळ आली. तिथे तारणधारक बँका पुढे असतात. कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या फक्त शेवटच्या बारा महिन्यांच्या थकबाकीचा विचार होतो, तोही बँकांच्या मागून. तेव्हा पगार दोन महिने थकला तर 'पुढच्या महिन्यात एकदम मिळेल' यावर विसंबू नये.

मात्र ए320 चे रेटिंग आणि त्यावरचे तास बुडत नाहीत. देशातल्या दोन्ही मोठ्या गटांकडे हेच विमान आहे, त्यामुळे तुमच्या मुलाची बाजू इथे भक्कम आहे. आपल्या उजळाईवाडीला उतरणारी विमाने बघा: स्टार एअरचे एम्ब्राएर किंवा इंडिगोचे एटीआर. एटीआर चालवणाऱ्या दोन-चार कंपन्या आहेत, एम्ब्राएर मात्र स्टार एअर सोडली तर देशात फारशी कुणाकडे नाहीत. ते तास एकूण अनुभवात धरले जातात, पण कंपनी बदलताना बहुधा नवे रेटिंग करावे लागते. ऑफर अशा विमानाची असती, तर रेटिंगचा खर्च कंपनीने उचलावा असा आग्रह धरा, असे आम्ही सांगितले असते.

आता बाँड. सही करण्याआधी चार मुद्दे लेखी घ्या. बाँडची रक्कम दरमहा घटत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते? हमी म्हणून तारीख न टाकलेले चेक मागतात की बँक गॅरंटी? कंपनीने पगार थकवला किंवा उड्डाणच दिले नाही, तर बाँड सुटतो का? आणि पूर्ण पगार रुजू झाल्यापासून मिळतो की लाइन रिलीज (प्रशिक्षकाशिवाय नेहमीच्या उड्डाणांवर जाण्याची मुभा) झाल्यापासून? फसगत होते ती शेवटच्या मुद्द्यावर. ग्राउंड क्लास, सिम्युलेटर, विमानावरचे लँडिंग आणि परवान्यावर नोंद एवढे होऊनही माणूस कामाला लागलेला नसतो. पुढे प्रशिक्षक कॅप्टनसोबत लाइन ट्रेनिंग आणि मग रिलीज. विमाने कमी किंवा प्रशिक्षक कमी असले की या टप्प्यावर महिनेच्या महिने जातात आणि हप्ता मात्र सुरू राहतो. 80 लाखांचे कर्ज 11 टक्क्यांनी दहा वर्षांसाठी असेल, तर हप्ता महिना 1 लाख 10 हजारांच्या घरात जातो.

पगाराचे म्हणाल तर 'महिन्याला किती' यापेक्षा 'हमीचे तास किती' हे विचारा. वैमानिकाच्या पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो आणि ठराविक तासांची हमी असते. एप्रिल 2024 मध्ये विस्तारा या विमान कंपनीची उड्डाणे विस्कळीत झाली, ती याच कारणावरून: नव्या करारात हमी 70 वरून 40 तासांवर आणली होती. हप्ता बसतो की नाही, हे हमीच्या तासांवर तपासा.

कंपनीची तब्येत घरबसल्याही कळते. डीजीसीए ही नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था दर महिन्याला प्रत्येक कंपनीचे प्रवासी, भरलेल्या आसनांचे प्रमाण आणि रद्द उड्डाणे जाहीर करते. सलग वर्षभराचे आकडे एका वहीत उतरवा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून ताळेबंद बघता येतो. आणि तिथे नोकरीला असलेल्या एखाद्याला पीएफचे पासबुक उघडून बघायला सांगा. कंपनीचा हात आखडला की आधी पीएफ आणि टीडीएसचा भरणा रेंगाळतो, पगार त्यानंतर.

आमचे मत विचाराल तर: गेल्या वर्षात विमाने खरोखर आली असतील, बाँड घटत जाणारा असेल आणि हमीच्या तासांत हप्ता बसत असेल, तर थांबू नये. थांबण्यालाही किंमत आहे. वयाच्या 65 नंतर प्रवासी विमान उडवता येत नाही, म्हणजे आज गेलेले वर्ष शेवटी कॅप्टनच्या पगाराचे एक वर्ष कापते. शिवाय इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (बाहेरचे दिसत नसताना उपकरणांवर विमान उडवण्याच्या पात्रतेची) मुदत वर्षाची असते. मुलाचे दोन वर्षांत संपले असेल, तर ते आधी चालू करून घ्या. मोठ्या कंपनीची भरती निघाली तरी त्याशिवाय दारात उभे करणार नाहीत.

प्रश्न: मुलगा बारावी सायन्सला आहे, चष्मा आहे. पायलट व्हायचे म्हणतो. फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधी काय करावे? ऊसशेती आहे, जमिनीवर कर्ज मिळेल का?
(एक भगिनी, शिरोळ)

उत्तर: ताई, आधी मेडिकल, मग फी. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडून क्लास 2 ही प्राथमिक तपासणी करून घ्या आणि तेवढ्यावर न थांबता व्यावसायिक परवान्यासाठीची क्लास 1 सुद्धा उरका. चष्म्याने दृष्टी ठरलेल्या पातळीला आली तर अडत नाही. रंग ओळखण्यात दोष निघाला, तर मात्र व्यावसायिक परवान्याची वाट अवघड होते. हे फी भरल्यावर कळले, तर पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतात.

अभ्यास स्कूलमध्ये जाण्याआधी घरून करता येतो. डीजीसीएच्या परीक्षांसाठी लागणारा कॉम्प्युटर नंबर काढून नेव्हिगेशन, हवामान, रेग्युलेशन्स आणि टेक्निकलचे पेपर द्यावेत. उत्तीर्ण व्हायला 70 टक्के लागतात. पेपर सुटल्यावर स्कूलला गेलेला मुलगा परवान्यासाठी लागणारे उड्डाणाचे 200 तास लवकर पूर्ण करतो. निवडताना स्कूलमध्ये उडती विमाने किती, प्रशिक्षक किती आणि मागच्या तुकडीला 200 तासांसाठी किती महिने लागले, हे आत्ता शिकणाऱ्या मुलांना विचारा, ऑफिसात नव्हे. पावसाळ्यात उड्डाणे कमी होतात, तेही धरून चला.

जमिनीचे म्हणाल तर बँका शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण घ्यायला सहसा तयार नसतात. कोर्टात न जाता तारण विकू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, त्यामुळे वसुली अवघड जाते. घर, एनए प्लॉट किंवा ठेव मागतात. साडेसात लाखांपुढे तारण लागतेच, असे धरून बसा.

प्रश्न: मी एका कंपनीत सहवैमानिक आहे. दुसरीकडून बोलावणे आले आहे, पण त्यांना दोन महिन्यांत माणूस हवा आहे. नोटिशीचा पगार भरून लगेच सुटता येईल का?
(एक वाचक, ताराबाई पार्क, कोल्हापूर)

उत्तर: एकतर्फी नाही. डीजीसीएच्या 2017 च्या नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष नोटीस द्यावी लागते. कंपनीने आधीच एनओसी (ना हरकत पत्र) दिली तरच मुदत कमी होते. न सांगता निघून गेलात, तर प्रकरण कोर्टात जाऊ शकते आणि नव्या कंपनीचीही अडचण होते. नव्या कंपनीकडून सहा महिन्यांपुढची रुजू तारीख लेखी घ्या, ती हाती आल्यावरच राजीनामा द्या, आणि पोच म्हणून ईमेलची प्रत जपून ठेवा. नोटिशीच्या काळात रोस्टरवरून काढले गेलात, तर 90 दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंगची अट चुकणार नाही एवढे बघा. ती चुकली की पुन्हा सिम्युलेटर आला, आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे हे नव्या कंपनीच्या ऑफर लेटरमध्ये आत्ताच लिहून घेतलेले बरे.