जाती, प्रजाती की वाण?

प्रश्न असा आहे: "आमच्या तासगावकडं सोनाका, माणिकचमन या द्राक्षाच्या 'जाती' म्हणतात. पेपरात 'नवी प्रजाती सापडली' असं येतं. मग जाती मोठी की प्रजाती? आणि दिसायला वेगळं म्हणजे वेगळी जात, असंच का?"

आधी शब्दांचं उरकू. मराठी विश्वकोशाच्या जुन्या नोंदींत प्रजाती हा वरचा गट आणि तिच्या पोटात अनेक जाती. पेपरवाले हिंदीच्या संगतीनं खालच्या गटालाच, म्हणजे इंग्रजीतल्या स्पीशीजला, प्रजाती म्हणतात. ते आता इतकं रुळलंय की चूक म्हणायला जीभ रेटत नाही. मी आपला वरच्या गटाला 'वंश' म्हणतो आणि खालच्याला 'जाती', म्हणजे भांडण मिटतं.

सोनाका, माणिकचमन, तास-ए-गणेश हे मात्र वाण, म्हणजे एकाच जातीतले लागवडीसाठी निवडलेले प्रकार. तिन्ही थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षवाणातूनच निवडून काढलेले. सोनाकाचा मणी चांगला लांबुळका, लांबूनही ओळखू येतो. तरी जाती एकच, शास्त्रीय नाव व्हायटिस व्हिनिफेरा.

आता उलटं बघा. आंबेहळदीचा गड्डा मातीसकट हातात दिला तर भलेभले त्याला हळद म्हणतील. मोडला की कळतं: आत हळदीचा केशरी रंग नाही, फिकट पिवळसर गर, आणि वास कैरीचा. वंश तोच, जाती वेगळी.

म्हणजे फरक केवढा, यापेक्षा कसा हे महत्त्वाचं. एकाच वेलीवर बुडाचं पान आणि शेंड्याचं पान सारखं नसतं. म्हणून अभ्यासक एका नमुन्यावर भागवत नाहीत. (माणसाला 'नमुना' म्हटलं की अर्थ फिरतो, तो नमुना नव्हे.) ठिकठिकाणचे, लहानमोठे, पुष्कळ नमुने शेजारी मांडतात. दोन टोकांच्या मधल्या पायऱ्या सापडत गेल्या, तर बहुधा ती एकाच जातीतली विविधता. मधे खिंड पडली, आणि पान, फूल, फळ सगळ्यांचे फरक त्याच खिंडीशी येऊन थांबले, तर दोन जातींचा संशय बळावतो. हल्ली डीएनएही ताडून बघतात.

तेव्हा बागेत उभं राहून "कुठली जात लावलीय?" खुशाल विचारा, तिथं कुणाचा गोंधळ होत नाही. लेखात मात्र सोनाकापुढं 'वाण' लिहा.